छातीतली प्रत्येक सावली टीबीची नसते, आणि पेशंटच्या आधी बायोप्सीचा ब्लॉक मुंबईला जाऊ द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

टीबीमुक्त अभियानाच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात आणि त्या आल्याच पाहिजेत. आपल्या सोलापुरात टीबी आहे, विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत आहे, लूमच्या धुळीत जन्म काढलेल्या माणसांत आहे, हे इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. २०२४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं १०० दिवसांची मोहीम काढली तेव्हापासून तर ज्यांना खोकला नाही ताप नाही अशांचे पण छातीचे एक्स-रे काढायचं धोरण आलंय, हातात धरायचं छोटं मशीन घेऊन वस्तीत जायचं आणि तिथंच फोटो काढायचा. चांगलं काम आहे, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण जितके जास्त एक्स-रे निघतील तितक्या जास्त सावल्या सापडणार, त्यातल्या काही टीबीच्या नसणार, आणि काही तर नेहमीच्या कॅन्सरच्या पण नसणार. त्या माणसांनी पुढं कुठं जायचं यावर कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. पत्र लांबलंय, पण शक्यतो कापू नका ही विनंती.

मी इथल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन आहे. म्हणजे ऑपरेशनमध्ये किंवा बायोप्सीत काढलेला तुकडा आमच्याकडं येतो, तो प्रोसेस करून मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप घ्यायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचे, हे माझं काम. निदान मी करत नाही, ते डॉक्टरच करतात. पण निदान ज्या तुकड्यावर होतं तो तुकडा कसा येतो, कुठं अडकतो, कुठं खराब होतो हे मी रोज बघते. दुसरं कारण घरातलंच आहे, माझ्या थोरल्या जाऊबाई.

जाऊबाई चाळिशीतल्या, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायच्या. कोरडा खोकला राहत होता म्हणून एक्स-रे काढला तर दोन्ही फुप्फुसांत बारीक बारीक ठिपके. थुंकी तपासली, त्यात जंतू नाहीत. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी मशीनवरची टेस्ट केली, ती पण निगेटिव्ह. तरी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स चालू झाला, कारण सोलापूर, कारण धुळीतलं काम, कारण फोटोत ठिपके. लघवी लालभडक व्हायची, जेवण जाईना, वजन उतरलं, पण बिचाऱ्यांनी एक डोस चुकवला नाही, पूर्ण कोर्स केला. कोर्स संपल्यावर सीटी स्कॅन काढला तर ठिपके होते तिथंच, तेवढेच. मग दुसऱ्या ठिकाणी दाखवलं तर तिथं सांगितलं की हा कुठून तरी पसरलेला कॅन्सर आहे, चौथी स्टेज, लिव्हरमध्ये पण डाग दिसतायत. मग मूळ गाठ शोधायला मॅमोग्राफी झाली, दुर्बीण वरून झाली खालून झाली, सगळं क्लीन. शेवटी सीटी गाइडेड बायोप्सी झाली आणि रिपोर्ट आला कार्सिनोमा, म्हणजे नेहमीच्या जातीचा कॅन्सर, मूळ अवयव सांगता येत नाही. आमच्या भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं गेलं की आता जास्त पळापळ करू नका, घरी न्या.

मला खटकत होतं ते एवढंच की चौथ्या स्टेजचा कॅन्सर असता तर एकेटीच्या त्या सगळ्या महिन्यांत ठिपके वाढायला नकोत का? मी काय डॉक्टर नाही, पण ब्लॉक मागून आणून आमच्या मॅडमना दाखवायला डॉक्टर असावं लागत नाही. ब्लॉक म्हणजे ज्या मेणात तो बायोप्सीचा तुकडा बसवलेला असतो तो छोटा ठोकळा. तिथल्या लॅबनं आधी सांगितलं देता येत नाही, आमचा रेकॉर्ड आहे. मग लेखी अर्ज केला, परत गेलो, परत थांबलो, तेव्हा मिळाला. मॅडमनी नवीन स्लाइड बघितली आणि म्हणाल्या, "हे कार्सिनोमासारखं दिसतंय पण मला पटत नाहीये, या पेशींच्या पोटात भोकं बघ." मला पण मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. गुलाबी निळसर काचेसारख्या पदार्थात सुट्या सुट्या पेशी, काही पेशींत गोल पोकळी, आणि एका पोकळीत चक्क एक लाल रक्तपेशी अडकलेली. मॅडम म्हणाल्या या पेशी रक्तवाहिनी बनवायला बघतायत, एकेक पेशी एकटीच. मग सीडी ३१ आणि ईआरजी हे मार्कर केले, मार्कर म्हणजे पेशी कुठल्या जातीची ते दाखवणारी रंगाची तपासणी, दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या. पुढं ब्लॉक मुंबईला गेला, तिकडं सीएएमटीए १ नावाचा मार्कर लावला, तो पण पॉझिटिव्ह. निदान, एपिथेलिऑइड हीमँजिओएन्डोथेलिओमा. सगळे त्याला ईएचई म्हणतात, मी पण तेच म्हणते.

हा आजार दहा लाखांत एखाद्याला. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा त्रेचाळीस लाखांचा होता, म्हणजे हिशोब केला तर जिल्ह्यात एका वेळी असे मोजकेच पेशंट असणार, आणि एखाद्या डॉक्टरच्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये तो एकदाही समोर येणार नाही. म्हणून मी कुठल्याच डॉक्टरला दोष देत नाही. फुप्फुसातल्या या ट्यूमरचं वर्णन १९७५ मध्ये डेल आणि लीबोव्ह या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनी केलं, तेव्हा त्यांना पण तो फुप्फुसाच्या पेशींचाच कॅन्सर वाटला होता जो रक्तवाहिनीत शिरतो. रक्तवाहिनीच्या पेशींचा ट्यूमर म्हणून ईएचई हे नाव वाइस आणि एन्झिंगर यांनी १९८२ ला दिलं. त्याच्या मागचा जनुकातला बिघाड तर २०११ मध्ये कळला, एक नंबरच्या आणि तीन नंबरच्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होऊन दोन जनुकं एकमेकांना चिकटतात, डब्ल्यूडब्ल्यूटीआर १ आणि सीएएमटीए १. बहुतेक पेशंटमध्ये हीच जोडी असते, थोड्यांमध्ये वायएपी १ आणि टीएफई ३ अशी वेगळी जोडी. म्हणूनच तो सीएएमटीए १ चा मार्कर इतका कामाचा, तो लागला की शंकेला फार जागा राहत नाही.

आणि कार्सिनोमाचा रिपोर्ट का आला तेही सांगते, कारण यात कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. कॅन्सर ओळखायला पहिल्यांदा केराटिनचा, म्हणजे कार्सिनोमाच्या पेशींत असणाऱ्या प्रथिनाचा मार्कर लावतात, आणि ईएचईच्या बऱ्याच केसेसमध्ये केराटिन पण पॉझिटिव्ह येतो. तिथंच थांबलं की कार्सिनोमा. पुढं जाऊन रक्तवाहिनीचे मार्कर लावावे हे डोक्यात यायला कुणीतरी सांगावं लागतं की बाई चाळिशीतली आहे, तब्येत बरी आहे, ठिपके भरपूर आहेत पण वाढत नाहीत, लिव्हरमध्ये पण आहेत, मूळ गाठ कुठंच नाही. हे सगळं रिक्वेस्ट फॉर्मवर लिहायचं असतं. आमच्याकडं येणाऱ्या फॉर्मवर काय लिहिलेलं असतं? "लंग बायोप्सी." बस. कधी कधी तर वय पण नाही.

आता जाऊबाईंचं कसं आहे ते विचाराल तर त्या बऱ्या आहेत. औषध चालू नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे ठिपके हळू वाढतात, कधी कधी वर्षानुवर्षं वाढतच नाहीत, आधी सीटी काढून लक्ष ठेवू, वाढले तर औषध. आम्हाला आधी पटेना, चौथी स्टेज म्हणणाऱ्याकडून आलेली बाई आणि तुम्ही म्हणता औषध नको? पण हेच या आजाराचं वेगळेपण आहे. फुप्फुसातला ईएचई घेऊन पंधरा वर्षांहून जास्त जगलेले पेशंट वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत, काहींचे ठिपके आपोआप कमी झाल्याच्या पण नोंदी आहेत. सगळ्यांचं असं होत नाही हेही तितकंच खरं. छातीत पाणी झालं, थुंकीतून रक्त यायला लागलं, वजन उतरायला लागलं तर तो वेगानं जाणारा प्रकार असतो, आणि फुप्फुसाच्या आवरणात पसरलेला ईएचई तर खूप वाईट. म्हणजे त्याच नावाचा आजार एकीला शिलाई मशीनवर बसू देतो आणि दुसरीला वर्षभरात संपवतो. कोण कुठल्या गटात हे ठरवायला आधी आजाराचं नाव बरोबर पाहिजे, आणि नंतर वेळच्या वेळी सीटी पाहिजे.

गाठ एकच असेल आणि काढता येण्यासारखी असेल तर ऑपरेशन, तोच चांगला इलाज. पसरलेला असून शांत असेल तर नुसती नजर. वाढायला लागला तर सिरोलिमस नावाची गोळी जास्त वापरली जाते, तीच जी किडनी बदललेल्या पेशंटला देतात. ही गोळी ज्या जंतूपासून निघाली तो ईस्टर बेटाच्या मातीत सापडला आणि तिच्यावर आयुष्यभर काम केलं ते सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं, हे वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. नेहमीच्या केमोचा ईएचईवर फारसा उपयोग होत नाही. आणि इथं एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. टीबीच्या गोळ्यांमधलं रिफाम्पिसिन, तेच ज्यानं लघवी लाल होते, ते लिव्हरमधल्या एन्झाइमना इतकं कामाला लावतं की सिरोलिमस शरीरात टिकतच नाही, रक्तातली लेव्हल पार खाली येते. म्हणजे संशयावर एकेटी चालू आहे आणि दुसरीकडं खरा आजार सापडून सिरोलिमस दिलं तर एक औषध दुसऱ्याला खाणार. उलट बाजू पण आहे, सिरोलिमस प्रतिकारशक्ती कमी करतं, आणि आपल्यासारख्या टीबीच्या गावात त्यामुळं खरोखरचा टीबी उठू शकतो, म्हणून ते चालू करायच्या आधी टीबी नाही ना हे नीट बघावं लागतं. दोन्हीकडून उत्तर एकच, पुरावा पाहिजे. अंदाजावर सहा महिने काढायचे दिवस गेले.

कुणी म्हणेल दहा लाखात एक असणाऱ्या आजारासाठी एवढं कशाला लिहायचं. पण छातीत रक्तवाहिन्यांचे ट्यूमर एकाच जातीचे नाहीत, आणि प्रत्येक जात कुठल्या तरी नेहमीच्या आजाराचा वेश घेऊन येते.

हृदयातला अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिनीच्या पेशींचा वेगानं वाढणारा कॅन्सर घ्या. हा बहुतेक वेळा हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात होतो, बऱ्यापैकी तरुण माणसांना होतो, आणि हृदयाच्या आवरणात रक्ताळलेलं पाणी साठवतो. आपल्याकडं हृदयाभोवती पाणी झालं की पहिला संशय टीबीचाच, आणि तो बरोबरच आहे कारण भारतात टीबीमुळंच ते जास्त होतं. पाणी काढून तपासलं तर त्यात कॅन्सरच्या पेशी सापडतीलच असं नाही, बऱ्याचदा नाहीच सापडत. मग एकेटी आणि स्टेरॉइड चालू, पाणी परत भरतं, परत काढतात, परत रक्ताळलेलं. रक्ताळलेलं पाणी परत परत भरत असेल तर इको नीट बघून सीटी किंवा एमआरआय केलाच पाहिजे, कारण हा आजार ईएचईसारखा थांबत नाही, यात महिने मोजके असतात.

दुसरा पल्मनरी आर्टरीचा सार्कोमा, फुप्फुसाकडं रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या आतल्या अस्तरातून वाढणारा. हा १९२३ पासून माहीत आहे आणि आजसुद्धा गुठळी म्हणूनच सापडतो. दम लागतो, छातीत दुखतं, सीटी अँजिओत नळी बंद दिसते, डॉक्टर म्हणतात पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे फुप्फुसाच्या नळीत अडकलेली गुठळी, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या देतात. गुठळी असेल तर त्या गोळ्यांनी फरक पडायला पाहिजे. गोळ्या नीट घेऊन पण फरक नाही, पायात गुठळी कुठंच नाही, वजन कमी होतंय, सीटीत ती गुठळी नळीची पूर्ण रुंदी भरून फुगलेली दिसतेय, तर पेट स्कॅन करायला पाहिजे, ज्यात जोरात वाढणाऱ्या पेशी उजळून दिसतात. साधी गुठळी पेटमध्ये फारशी उजळत नाही, सार्कोमा बहुतेक वेळा उजळतो. वेळेत सापडला तर ऑपरेशन करून नळी साफ करता येते आणि माणसाला वेळ मिळतो. आमच्या लॅबमध्ये असा नमुना मी अजून पाहिलेला नाही, पण सोलापुरात दम लागणारी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या खाणारी माणसं मी भरपूर पाहिलीत.

आणि सगळेच वाईट असतात असं पण नाही. छातीच्या मधल्या भागात हीमँजिओमा होतो, साधी गाठ, कॅन्सर नाही, त्या भागातल्या सगळ्या गाठींत अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. सीटीत त्यात कधी कधी चुन्याचे गोल खडे दिसतात, ते दिसले की ओळखायला सोपं. हा बायोप्सीच्या सुईनं रक्तस्राव करू शकतो म्हणून आधी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी बघूनच हात लावायचा. म्हणजे काय, प्रत्येक वेळी सुई घालाच असं माझं म्हणणं नाही. छातीच्या आत काय करायचं ते रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन एकत्र बसून ठरवणार. सुईनं भागत नसेल तर दुर्बिणीतून बायोप्सी होते, व्हॅट्स म्हणतात त्याला.

आता माझ्या टेबलावरचं. छातीची सुईची बायोप्सी म्हणजे शेवईच्या तुकड्याएवढा जीव, तेवढ्यावर सगळं. तो १० टक्के फॉर्मेलिनमध्येच आला पाहिजे, आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या निदान दहापट. आमच्याकडं अजूनही सलाइनमध्ये टाकून आणतात. एप्रिल मे मध्ये सोलापूरच्या उन्हात, मोटरसायकलच्या डिकीत, सलाइनमध्ये, तालुक्याच्या गावावरून आलेला तुकडा, तो वाटेतच सडायला लागलेला असतो. मग मार्कर उमटत नाही आणि रिपोर्ट येतो "नमुना अपुरा". पेशंटला वाटतं लॅब बेकार. परत सुई, परत खर्च, परत फुप्फुसाला भोक पडायची भीती.

फॉर्मेलिनमध्ये नीट आला तरी पुढं सांभाळायला लागतं. ब्लॉक बर्फावर गार करून घ्यायचा, उन्हाळ्यात तर जरा जास्तच वेळ, मग मायक्रोटोमवर, म्हणजे काप घ्यायच्या मशीनवर, तीन चार मायक्रॉनचा काप, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा. प्रत्येक मार्करला वेगळा काप लागतो. ब्लॉक आज काढला, दोन मार्कर केले, परत ठेवला, पुढच्या आठवड्यात परत काढला की दर वेळी समोरची पातळी सरळ करताना थोडा टिश्यू वाया जातो. शेवईचा तुकडा असा किती वेळ पुरणार? म्हणून लहान बायोप्सीचे पहिल्याच वेळी जादा कोरे काप घेऊन ठेवायचे, पुढचे मार्कर त्यावर करायचे. याला पैसे लागत नाहीत, सवय लागते. आमच्या मॅडमनी ती लावली, आम्ही करतो, सगळीकडं व्हायला पाहिजे. जाऊबाईंच्या ब्लॉकमध्ये मुंबईला पाठवण्याएवढं उरलं होतं हे नशीबच म्हणायचं.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडं निदान अडलं की पेशंटला सांगतात टाटाला जा. मग सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, परळला लाइनीत लागायचं, राहायला धर्मशाळेत नंबर मिळाला तर मिळाला नाहीतर फुटपाथ. बरोबर एक माणूस, त्याचा रोज बुडणार. आणि एवढं करून तिथं पोचल्यावर पहिली गोष्ट काय विचारतात? ब्लॉक आणि स्लाइड आणल्या का. नसतील तर परत सोलापूर. हे मी माझ्या डोळ्यांनी कितीतरी लोकांच्या बाबतीत बघितलंय, दुपारी लॅबच्या दारात येऊन उभे, साहेब लोकांनी ब्लॉक मागितलाय, आज द्या, रात्रीची गाडी आहे.

उलटं का नाही करायचं? आधी ब्लॉक जाऊ दे, पेशंट घरी राहू दे. ब्लॉकला धर्मशाळा लागत नाही. खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतो, नीट गुंडाळून कुरिअरनं जातो, उन्हाळ्यात मेण मऊ पडू नये एवढं बघायचं. बरोबर सीटीची सीडी, आधीच्या रिपोर्टच्या झेरॉक्स आणि डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलेली हिस्टरी. पंधरा दिवसांत महिन्यात रिपोर्ट आला, की मग ठरवा पेशंटला जायची गरज आहे का, आणि असली तर कुठल्या ओपीडीला. जाऊबाईंचं असंच झालं, त्या पहिल्यांदा मुंबईला गेल्या तेव्हा निदान हातात होतं आणि कुठल्या डॉक्टरला भेटायचं ते पण माहीत होतं.

यासाठी नवीन काही बांधावं लागत नाही. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, टाटा हॉस्पिटलच्या पुढाकारानं, देशभरातली कॅन्सर हॉस्पिटलं त्यात जोडलेली, अवघड केसेसवर ऑनलाइन चर्चा करायची सोय आहे. आणि आपल्या जिल्ह्यात बार्शी आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सरची मोजदाद करणारी देशातली पहिली रजिस्ट्री १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली, गावोगाव फिरून नोंदी घेतल्या आपल्या माणसांनी. ज्या जिल्ह्यानं हे केलं त्याला आठवड्यातून एकदा तासभर व्हिडिओवर बसणं जड नाही. सिव्हिलचे छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, बार्शीचे कॅन्सरवाले, आणि ज्या खाजगी डॉक्टरकडं केस आहे ते. थुंकी आणि सीबीनॅट निगेटिव्ह असून संशयावर एकेटी चालू असलेल्यांपैकी ज्यांच्या सावल्या दोन महिन्यांनी पण तशाच आहेत त्यांची यादी त्या बैठकीत यायला पाहिजे. टीबी अधिकाऱ्यांकडं निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर या पेशंटची नोंद असतेच. पुरावा नसताना लक्षणांवर औषध चालू करायची मुभा टीबीच्या नियमांतच आहे आणि कधी कधी ती जीव वाचवते, ती काढा असं मी म्हणत नाहीये, फक्त दोन महिन्यांनी परत बघा, आणि फरक नसेल तर बायोप्सीचा विचार करा एवढंच.

पैशाचं पण बोलायला पाहिजे. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत इलाज मिळतो, त्याचा खूप लोकांना आधार आहे. पण अडमिट न होता केलेले मार्कर, ब्लॉकचा रिव्ह्यू, बाहेरच्या लॅबमधली जनुकाची टेस्ट, हे आमच्याकडं येणारे पेशंट खिशातूनच भरतात, आणि एका केसला सहा सात मार्कर लागले की विडी वळणाऱ्या घराचा महिना त्यात जातो. मग काउंटरवर नवरा बायको एकमेकांकडं बघतात आणि म्हणतात, राहू द्या, नंतर बघू. २०२१ चं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे, पन्नास लाखांपर्यंत मदतीचं, पण ती यादी बहुतेक आनुवंशिक आजारांची, हे ट्यूमर त्यात नाहीत. इलाजाला पाच लाख आणि इलाज कशावर करायचा ते शोधायला शून्य, हे कुठल्याही हिशोबात बसत नाही. आमदार खासदार मंडळी पेपर वाचतात, त्यांनी एवढी एक गोष्ट लावून धरावी, बायोप्सीवरचे मार्कर योजनेत घ्या.

वाचकांना पण सांगायचंय. बायोप्सी झाली की रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर लिहून ठेवा, ब्लॉक त्या नंबरनंच सापडतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर लॅबला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ब्लॉक आणि स्लाइड मागा, लाजू नका, भांडू पण नका. केसपेपरच्या कॉपी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या हा डॉक्टरांसाठीचा २००२ पासूनचा नियम आहे. पहिल्या रिपोर्टमध्ये "मूळ अवयव सांगता येत नाही" असं लिहिलेलं असेल आणि पेशंट त्या मानानं बरा असेल, तर घरी न्या म्हणणाऱ्याला एकदा विचारा की रक्तवाहिनीचे मार्कर झालेत का. जुने एक्स-रे रद्दीत टाकू नका. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत तोच ठिपका तेवढाच असेल तर तो जुना फोटो फार मोठा पुरावा असतो, जाऊबाईंच्या कारखान्यातल्या तपासणीचा एक जुना फोटो कपाटाच्या तळाशी सापडला, त्यात पण तेच ठिपके होते आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ तोच बघितला.

आणि तालुक्याच्या हॉस्पिटलांतल्या ओटीच्या सिस्टर आणि ब्रदर लोकांना हात जोडून विनंती, तुकडा सलाइनमध्ये पाठवू नका. रुंद तोंडाची डबी, फॉर्मेलिन, डबीच्या अंगावर नाव, झाकणावर नव्हे, कारण झाकणं बदलतात. फॉर्मेलिन संपलं असेल तर कुठल्याही हिस्टोपॅथॉलॉजी लॅबला फोन करा, भरलेली डबी देतात, आमच्या लॅबमध्ये तर कुणीही येऊन घेऊन जावी, पैसे घेत नाही.

जाऊबाईंचं नाव नको म्हणून माझं पण छापू नका, पत्ता ऑफिसात दिलाय.

आपली नम्र,
एक हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन, सोलापूर